शुक्रवारची सही

इकडे आड तिकडे विहीर, असं लोक म्हणतात. मला या म्हणीचं कायम हसू यायचं. आड असो नाहीतर विहीर, आपल्याला काय? सूर मारू, चार हात मारू, वर येऊ. एकतीस वर्षं क्लबच्या तलावावर पोहायला शिकवण्यात गेली. बुडणारी सतरा माणसं बाहेर काढली, त्यातल्या तिघांनी नंतर रस्त्यात ओळखसुद्धा दाखवली नाही. पण कागदाच्या विहिरीत पडलो तेव्हा कळलं, तिथे हातपाय मारून काही होत नाही. उलट जितके मारावेत तितका माणूस खाली जातो.

मला सगळे मास्तर म्हणतात. माझी आई सोडून. ती 'अरे' म्हणते. आई, बायको आणि मी, आम्ही तिघं क्लबने दिलेल्या दोन खोल्यांत राहतो. एका भिंतीपलीकडे पंपाची खोली, समोरच्या खिडकीतून तलावाची मागची भिंत. पंपाची घरघर चोवीस तास चालू. पाहुणे विचारतात, हा कसला आवाज? आम्ही विचारतो, कुठे काय? खोल्या नोकरीबरोबर आल्या आणि नोकरीबरोबरच जाणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. बायकोने शिलाईचं मशीन चालवून थोडी जागा बघून ठेवली होती, ती तीन वर्षांनंतरची.

आता रजिस्टरचं सांगतो, कारण सगळं महाभारत त्यातूनच झालं.

रविवारची सुट्टी सोडून तलावाची रोज सकाळी सहाला तपासणी करायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची, असा नियम. एका दिवसाला एक पान. पानावर पाच ओळी: पाणी, औषध, शिडी, मचाण, चटई. प्रत्येकीपुढे 'ठीक' लिहायचं. खाली माझी सही, तिच्याखाली क्लबच्या सचिवांची. आता गंमत अशी, की तलावावरच्या माणसाचे हात कधी कोरडे नसतात. ओल्या हाताने सही केली की शाई पसरते, पान फुगतं, दोन पानं एकमेकांना चिकटतात. म्हणून माझ्या आधीच्या मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात युक्ती शिकवली. सोमवारी सकाळी तलाव साफसफाईसाठी बंद असतो, हात कोरडे असतात. तेव्हा बसायचं आणि शनिवारपर्यंतची सहा पानं एका बैठकीत उरकायची. त्यांना त्यांच्या मास्तरांनी हेच शिकवलं होतं. मग रजिस्टर घेऊन सचिवांच्या खोलीत जायचं. सचिव चहा घेत फोनवर बोलत असायचे. मी पान उलटायचो, ते सही करायचे. पान, सही, पान, सही. एकदाही त्यांनी वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. चहा निवायच्या आत सहाही पानं व्हायची.

काम मात्र रोज चोख, हे छातीवर हात ठेवून सांगतो. सकाळी सहाला अनवाणी मचाणावर चढायचं. दोन पुरुष उंचीचं मचाण ते, वरून सूर मारायला. टाच चटईवर दाबून घासत टोकापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. डोळ्याला दिसत नाही ते टाचेला कळतं. एकतीस वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. आधी लिहायचं आणि मग करायचं, एवढाच काय तो उलटा कारभार.

त्या उन्हाळ्यात क्लबच्या पोहण्याच्या शिबिराला चित्रकलेच्या बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, वय एक्केचाळीस. मला म्हणाल्या, "मास्तर, मला उंचीची भीती वाटते. ती मोडायची आहे."

मी म्हटलं, "बाई, या वयात लोक भीती मोडत नाहीत, हाडं मोडतात."

काय जीभ आहे माझी, बघा. तेव्हा त्या खळखळून हसल्या. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पंधरा दिवस त्या फक्त मचाणाच्या शिडीवर चढायच्या आणि उतरायच्या. सोळाव्या दिवशी वर उभ्या राहिल्या. विसाव्या दिवशी सूर मारला. सूर कसला, पोट आपटून मुटकाच झाला, पण वर आल्या तेव्हा चेहरा असा काही उजळला होता की मीच टाळ्या वाजवल्या. एक सवय मात्र त्यांची कधी सुटली नाही. शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून विचारायच्या, "मास्तर, बघितलं का?" म्हणजे चटई बघितली का. आणि मी म्हणायचो, "बघितलं, चढा." रोज तेच. सगळ्या शिबिराला ते पाठ झालं होतं. त्या विचारायच्या आधीच कुणीतरी मागून ओरडायचं, "बघितलं, बघितलं!"

मग तो गुरुवार आला. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दवाखान्याने सकाळी सहाचा नंबर दिलेला. बायको नेणार होती, पण तिला आदल्या संध्याकाळपासून ताप भरला. आईला एकटीला कसं पाठवणार? मी पंपवाल्याला किल्ली दिली, म्हटलं, "दार तेवढं उघड, मी आठपर्यंत येतो. मी येईपर्यंत मचाणावर कुणाला जाऊ देऊ नकोस." पंपवाल्याने दार उघडलं. बाकीचं तो विसरला, की त्याने ऐकलंच नव्हतं, ते त्यालाच माहीत. पण मी त्याच्या नावाने का खडे फोडू? दोष कुणाचा ते मला माहीत आहे.

पावणेआठला आईला डोळ्यावर पट्टी बांधून घरी आणलं, खाटेवर निजवलं आणि तसाच तलावाकडे पळालो. खांद्याला दवाखान्याची पिशवी, पायात चपला. आत शिरतो तोच बाई शिडीपाशी उभ्या. पहिल्या पायरीवर हात. मला बघून म्हणाल्या, "मास्तर, बघितलं का?"

आणि मी म्हणालो, "बघितलं, चढा."

का म्हणालो? वर्ष झालं, रोज स्वतःला विचारतोय. खोटं बोलायचं म्हणून नाही म्हणालो. तोंडातून गेलं. डोक्यात आईच्या डोळ्यात घालायचे थेंब होते, बायकोचा ताप होता, आणि तोंडाने आपलं रोजचं काम केलं. मी पिशवी खुंटीला अडकवत होतो तेवढ्यात धप्प आवाज झाला. पाण्याचा आवाज मी झोपेत ओळखतो. हा पाण्याचा नव्हता.

चटईच्या कडेची पट्टी सुटली होती. आदल्या संध्याकाळी मचाण जोराच्या फवाऱ्याने धुतलं होतं, त्यात स्क्रू ढिले झाले. बाईंनी पाऊल टाकलं आणि चटई पायाखालून सरकली. पाण्यात पडल्या असत्या तर दोन घोट पाणी पोटात गेलं असतं, बस. त्या बाजूला पडल्या, काठावरच्या फरशीवर. कमरेचं हाड मोडलं, मणक्याला मार बसला आणि उजवा हात असा काही दबला की अजून त्यांना बोटात खडू धरता येत नाही.

दुपारपर्यंत पोलिस आले. चटई गुंडाळून नेली, रजिस्टर नेलं आणि तलावाला सील ठोकलं. सील निघालं दीड महिन्याने.

संध्याकाळी सचिवांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"मास्तर, सकाळी सहाला तुम्ही कुठे होता?"

मी सगळं सांगितलं. लपवायचं काय? त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "हे मी ऐकलं नाही. तुमचं रजिस्टर सांगतं की तुम्ही सहाला चटई तपासली. रजिस्टर सांगतं तेच खरं. पंपवाल्यालाही मी तेच बजावलंय."

"पण साहेब..."

"पण नाही अन् बिण नाही. नीट ऐका. बाईंनी फॉर्मवर सही केलेली आहे, स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेते म्हणून. पण वकील म्हणतात तेवढ्याने क्लब सुटत नाही. क्लबने आपलं काम केलं होतं का, एवढंच कोर्ट विचारणार. सकाळी चटई तपासली होती, तर तो अपघात. नव्हती तपासली, तर तो क्लबचा हलगर्जीपणा. आणि मग आम्ही म्हणू, क्लबचा नाही, या माणसाचा. खोटी नोंद केली यानेच. पहिला खटला आम्ही तुमच्यावर लावू. मी तर बिचारा खालची सही करतो, तुमच्या भरवशावर."

मग ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आईंचा डोळा कसा आहे?"

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी तर माशाच्या पोटातच राहत होतो. खोल्या त्यांच्या, पगार त्यांचा, भिंतीतली घरघरसुद्धा त्यांची. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तलाव बंद, मला काम नाही. खिडकीत बसून दाढी करत होतो. अर्धी झाली होती, आणि हातातला वस्तरा थांबला.

आज शुक्रवार. शुक्रवारच्या पानावर माझी सही आहे.

सोमवारीच करून ठेवली होती की! शुक्रवारची आणि शनिवारची. तलावाला सील आहे, चटई पोलिसांच्या ताब्यात आहे, आणि रजिस्टर म्हणतंय, शुक्रवार सकाळ सहा: मचाण ठीक, चटई ठीक. शनिवार तर उजाडलासुद्धा नव्हता, आणि त्याची चटईही ठीक होती. आणि ते रजिस्टर पोलिसांच्या कपाटात. कुणी गुरुवारनंतरचं एक पान उलटलं, की मी संपलो.

"अहो, रक्त येतंय," बायको म्हणाली. गालावर वस्तरा लागला होता.

तिला सांगितलं. ती मशीनवर बसली होती, चाकावरचा हात तसाच राहिला. म्हणाली, "कुणी नाही उलटणार. अपघात गुरुवारी झाला. पुढचं पान कशाला बघतील?"

तिचं खरं निघालं. महिन्यामागून महिने गेले, कुणी बघितलं नाही. बाईंनी क्लबवर भरपाईचा दावा लावला, तेव्हाही वकिलांनी सोमवार ते गुरुवार एवढ्याच पानांच्या प्रती काढल्या. तलाव परत सुरू झाला, नवी चटई आली, नवं रजिस्टर आलं. मी आता रोजच्या रोज सही करायचो, ओल्या हाताने, पानं फुगू देत नाहीतर फाटू देत. पण कुणी फाटक वाजवलं की मी आधी खिडकीआडून कोण ते बघायचो. पोस्टमन दिसला तरी वाटायचं, उलटलं कुणीतरी पान.

आणि घरात आई. तिचा डोळा मस्त झाला होता. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा मला बघून म्हणाली, "अरे, तू म्हातारा कधी झालास?" तिच्यासाठी ते ऑपरेशन म्हणजे मोठी बहादुरी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझा मुलगा काम सोडून आला हो. पहाटेपासून माझा हात धरून बसला होता. डॉक्टर म्हणाले, असा मुलगा सगळ्यांना मिळो."

हे वाक्य म्हणजे आमच्या गळ्यातला फास. पहिल्यांदा बायकोने समजावलं, "आई, तो विषय काढू नका." आईने काढला. मग मी समजावलं. तरी काढला, तोही शेजारच्या माळ्याच्या बायकोसमोर. त्या दिवशी मी भडकलो. माझा आवाज मुळात मोठा, तलावावर या काठावरून त्या काठाला ओरडायची सवय. ओरडलो, "तुला कितीदा सांगितलं? तुला हिने नेलं होतं! मी नव्हतो! समजलं? मी तिथे नव्हतो!"

आई माझ्याकडे बघत राहिली. त्या नव्या डोळ्याने.

"हिला तर ताप होता," ती म्हणाली.

"नव्हता ताप."

"बरं." मग म्हणाली, "डोळा बनवून घेतला तो नीट दिसावं म्हणून. आता म्हणतोस, दिसलं ते दिसलंच नाही म्हण. ऑपरेशन कशाला केलं मग?"

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. कुणी विचारलं, आजी, डोळा कसा आहे, तर म्हणायची, "आहे." सचिव एकदा फळं घेऊन आले. त्यांनी मुद्दाम विचारलं, "आजी, दवाखान्यात कोण आलं होतं सोबत?" आई म्हणाली, "मला पट्टी होती. मला काय दिसणार?" सचिव खूश. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. शहाऐंशी वर्षांत जी बाई कधी खोटं बोलली नाही, तिला मी खोटं शिकवलं.

तुम्ही म्हणाल, सांगून का नाही टाकलंस? सोपं आहे हो बोलणं. शहाऐंशी वर्षांची आई, दोन खोल्या, पंचावन्नाव्या वर्षी फसवणुकीचा शिक्का बसलेल्या पोहण्याच्या मास्तरला कोण उभं करणार? आणि बोलायचं नाही म्हटलं, तर चित्रकलेच्या त्या बाई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हातही माझाच.

क्लबचे वकील माझी तालीम घ्यायचे. "मास्तर, सकाळी सहाला काय केलंत?" मी म्हणायचो, "मचाणावर चढलो, टाच घासून चटई तपासली." ते म्हणायचे, "टाचेचं छान आहे, टाचेचं ठेवा, खरं वाटतं." खरंच होतं ते. एकतीस वर्षांचं खरं होतं, एका दिवसाचं नव्हतं.

वर्षाने साक्षीचा दिवस आला. कोर्टाची खोली लहान, पंखा एकच आणि तो न्यायाधीशबाईंच्या डोक्यावर. कोपऱ्यात माझी चटई गुंडाळून उभी, गळ्यात नंबराची चिठ्ठी. टेबलावर रजिस्टर. वर्षाने बघितलं मी त्याला. फुगलेलं, कडा मळलेल्या, माझ्या हाताच्या वासाचं.

आधी बाईंची साक्ष होती. चाकांचा वॉकर ढकलत ढकलत त्या पुढे आल्या. दहा पावलांना किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी बघितलं. त्यांच्या वकीलबाईंनी विचारलं, "शिडी चढण्याआधी तुम्ही काही विचारलं होतं?"

"हो. रोज विचारायचे. मास्तर, बघितलं का?"

"ते काय म्हणाले?"

"बघितलं, चढा."

मग क्लबचे वकील उठले. गोड आवाजात म्हणाले, "बाई, मास्तर तुमच्याशी कधी खोटं बोलले होते?"

"कधीच नाही."

"मग त्यांनी बघितलं म्हटलं, म्हणजे बघितलं असणार?"

त्यांच्या वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या, पण त्याआधीच बाई बोलून गेल्या. माझ्याकडे बघत. "हो. मास्तर म्हणाले म्हणजे बघितलंच असणार. मला कधी कधी वाटतं, माझंच पाऊल चुकलं असेल. मी घाबरट आहे ना मुळात."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. क्लबचे वकील हसून खाली बसले. सचिवांनी माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली, झालं काम, अशा अर्थी.

मला त्या क्षणी काय झालं ते सांगतो. लाज वाटली, राग आला, पण त्याहून जास्त म्हणजे दम कोंडला. एकदा तरुणपणी तळाच्या जाळीत माझा पाय अडकला होता, पाण्याखाली. वर उजेड दिसतो, माणसं दिसतात, हसताना दिसतात, आणि आपल्याला वर जाता येत नाही. अगदी तसं झालं. ती बाई स्वतःची केस स्वतःच्या तोंडाने हरत होती, कशासाठी? तर माझ्या शब्दासाठी. वर्षभर ती घरी खाटेवर पडून स्वतःच्या पायाला दोष देत बसली होती.

माझं नाव पुकारलं. शपथ घेतली. क्लबच्या वकिलांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं, गुरुवारचं पान उघडून.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि ही खालची?"

"सचिव साहेबांची."

तोंडातून शब्द गेले आणि मी त्या दोन सह्यांकडे बघत राहिलो. एकाखाली एक. वर्षभर मला डोळ्यांपुढे फक्त माझीच सही दिसत होती, शुक्रवारची, शनिवारची. भीती माणसाला इतकं आंधळं करते! मी पान उलटायचो, ते सही करायचे. पान, सही, पान, सही. सहा पानं.

"तर मास्तर, त्या गुरुवारी सकाळी सहा वाजता तुम्ही चटई तपासली होती?"

टाच. टाचेचं बोलायचं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "पुढचं पान उलटा."

"काय?"

"पुढचं पान. शुक्रवारचं."

"विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या." त्यांचा आवाज बदलला. त्यांना काही माहीत नव्हतं, पण वकिलाच्या नाकाला वास येतो. त्यांनी रजिस्टर मिटायला घेतलं.

"राहू द्या ते उघडं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "इकडे द्या."

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. पान चिकटलेलं होतं, नखाने सोडवावं लागलं. शुक्रवार. वाचलं. पुन्हा उलटलं. शनिवार. मग मान वर करून कोपऱ्यातल्या चटईकडे बघितलं.

"शनिवारी सकाळी सहाला ही चटई ठीक होती, असं तुम्ही लिहिलंय."

"हो."

"तेव्हा ती पोलिसांकडे होती."

"हो."

"आणि याखाली सचिवांचीही सही आहे."

"आहे. सहाही पानांवर आहे. आम्ही सोमवारीच उरकायचो. कोरड्या हाताने."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सचिव उभे राहिले होते. काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्याच वकिलांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. आता एकट्या मास्तरवर ढकलायची सोय उरली नव्हती, हे त्या वकिलांना आधी कळलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग त्या गुरुवारी सकाळी सहा वाजता तुम्ही कुठे होता?"

वर्षभर जे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडावर हात ठेवून दाबलं होतं, ते मला स्वतःला म्हणायला किती जड गेलं! मग बोललो.

"आईबरोबर. दवाखान्यात. तिचा हात धरून बसलो होतो."

संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा बाई ओसरीवर गाडीची वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या वकीलबाई बाजूला फोनवर मोठमोठ्याने बोलत होत्या, आवाजावरूनच कळत होतं की निकाल कुठे जाणार. मी जवळ गेलो. हात जोडावेत की पाय धरावेत ते कळेना.

बाई म्हणाल्या, "मास्तर, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"नाही बघितलं म्हणाला असता, तर मी थांबले असते. दहा मिनिटं. मला कुठे घाई होती?"

त्या रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडी आली. त्यांना आत बसवायला मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, ड्रायव्हरचा घेतला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दारावर क्लबचा कागद चिकटवलेला: कामावरून तूर्त दूर, खोल्या महिन्याभरात रिकाम्या कराव्यात, पुढील कारवाई कळवू. बायको मशीनवर अभ्रे शिवत होती. तिने डोळे पुसले, पण एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "हात धुवा, जेवायला बसा."

आई खाटेवर बसली होती, खिडकीकडे तोंड करून. पंप चालू होता.

"काय रे, काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. दवाखान्यात तुझ्यासोबत होतो म्हणून."

तिने खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग हळूच म्हणाली, "मग आता मी सांगू का लोकांना?"

"सांग आई. ज्याला सांगायचं त्याला सांग."

तिने दाराकडे बघितलं. एरवी या वेळेला पंपवाला चहाला यायचा, शेजारच्या माळ्याची बायको पाणी भरायला यायची. दारात कुणीच नव्हतं. कागद तेवढा वाऱ्याने फडफडत होता.

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "आता कोण येणार आपल्याकडे?"

मी तिच्याजवळ खाटेवर बसलो. म्हटलं, "मला सांग." आणि ती सांगायला लागली, की तिचा मुलगा काम सोडून आला होता, पहाटेपासून तिचा हात धरून बसला होता.